उतरण्याची विद्या
नेटबॉलपटूंचा जायबंदी गुडघा आणि त्याचे पुनर्वसन

नेटबॉलच्या मैदानाकाठी ज्याने काही वर्षे काढली आहेत, अशा कोणाही मार्गदर्शकाला एक प्रसंग खचित परिचयाचा असतो. सामना ऐन रंगात आलेला असतो. एक चपळ मुलगी वेगाने धावत येते, उंच उडी घेऊन चेंडू दोन्ही हातांनी झेलते, एका पायावर जमिनीवर उतरते, आणि दुसऱ्याच क्षणी गुडघा धरून खाली कोसळते. तिला कोणी धक्का दिलेला नसतो, कोणाच्या पायात तिचा पाय गुंतलेला नसतो, मैदान ओले नसते, आणि नेमकी तशीच उडी त्याच सामन्यात तिने वीस वेळा तरी बिनधोक घेतलेली असते. मग एकविसाव्या वेळी असे काय घडले?

हे पहिले कोडे. दुसरे कोडे काही महिन्यांनी उभे राहते. शस्त्रक्रिया यथासांग पार पडलेली असते, टाके सुकलेले असतात, मुलगी ताठ चालते, जिना विनातक्रार चढते. तरीही मैदानावर रुजू होण्याचा परवाना तिला मिळत नाही, आणि घरच्या मंडळींना वैद्यांची ही निष्कारण दिरंगाई वाटू लागते. या दोन्ही कोड्यांची किल्ली एकच आहे. उडी मारण्याचे कौतुक सारे जग करते; परंतु उडीनंतर जमिनीवर नीट उतरणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि जायबंदी खेळाडूचे पुनर्वसन म्हणजे मुख्यतः ती विद्या तिला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकविणे होय.

एका नियमाचे ओझे

नेटबॉल हा बास्केटबॉलच्याच कुळातला खेळ. अमेरिकेत १८९१ साली जन्मलेला बास्केटबॉल दोनच वर्षांत इंग्लंडमधील मादाम ओस्टरबर्ग यांच्या स्त्रियांच्या व्यायाम महाविद्यालयात पोहोचला, तेथे त्याने हळूहळू वेगळे रूप धारण केले, आणि १९०१ साली त्याची नियमावली छापून निघाली. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत तो मुलींचा अत्यंत लोकप्रिय खेळ बनला. १९६३ साली ईस्टबोर्न येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्याला पदकांचा मान मिळाला, आणि २०१० साली दिल्लीत भारतीय मुलींचा संघही त्या मैदानावर उतरला.

या खेळात चेंडू जमिनीवर आपटत नेता येत नाही. चेंडू हाती येताच तीन सेकंदांच्या आत तो सहकारिणीकडे फेकावा लागतो किंवा गोलकड्यात टाकावा लागतो. आणि ज्या पायावर खेळाडू प्रथम उतरली, तो पाय उचलला तरी हातातून चेंडू सुटेपर्यंत पुन्हा टेकविण्याची तिला मुभा नाही. सामान्य माणूस धावता धावता थांबतो तेव्हा चार-सहा पावले टाकीत वेग जिरवितो. नेटबॉलच्या नियमाने ही सवलत काढून घेतली आहे. धावण्याचा आणि उडीचा सारा वेग जवळजवळ एकाच पावलात, बहुधा एकाच पायावर, संपवावा लागतो. भरधाव एस. टी. चालकाने एकाएकी ब्रेक दाबला म्हणजे उभ्या उतारूंची जी अवस्था होते, ती या मुलीच्या गुडघ्याची दर झेलाला होत असते. अशा उतरण्यात जमिनीकडून पायावर उलटणारा आघात शरीरभाराच्या तीन-चार पटींपर्यंत जातो. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या एका पायावर, निमिषार्धापुरता का होईना, दीड-दोनशे किलोंचा भार येतो, आणि एका सामन्यात असे प्रसंग कितीतरी वेळा येतात.

चाळीस सहस्रांश सेकंद

गुडघा हा वरवर पाहता बिजागरीसारखा सांधा. परंतु मांडीचे गोलसर हाड नडगीच्या सपाट माथ्यावर टेकलेले असल्यामुळे त्याला हाडांचा आधार फारसा नाही. त्याची भिस्त मुख्यतः दोन गोष्टींवर असते : सभोवारचे स्नायू, आणि हाडाला हाड जखडून ठेवणारे चिवट दोर, ज्यांना अस्थिबंध म्हणतात. सांध्याच्या पोटात असे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले असतात. त्यांपैकी पुढचा, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ या नावाने ओळखतात, नडगी पुढे सरकू देत नाही आणि तिला वाजवीपेक्षा अधिक पिळू देत नाही. लांबीला तो बोटाच्या दोन पेरांइतका, जाडीला करंगळीएवढा. आणि त्याच्यावर मात्र एवढ्या मोठ्या देहाची जबाबदारी.

तो तुटतो कसा, हे शोधण्यासाठी संशोधकांनी प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रफिती अनेक बाजूंनी ताडून पाहिल्या. बास्केटबॉल आणि हँडबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या अशा दहा दुखापतींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की पाय जमिनीला टेकताना गुडघा बराचसा ताठ असतो, नंतर तो झपाट्याने आतल्या बाजूला कलतो, नडगी पिळली जाते, आणि हा सारा अनर्थ पाय टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत उरकतो. डोळ्यांनी एखादी वस्तू पाहून हात हलविण्यासच माणसाला सुमारे २०० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे ‘गुडघा चुकीच्या दिशेला चालला’ ही वार्ता मेंदूपर्यंत जाऊन तेथून सावरण्याचा हुकूम सुटण्यापूर्वीच अस्थिबंध तुटून गेलेला असतो.

मग बाकीच्या वीस उड्या सुखरूप कशा पार पडल्या? त्याचे मर्म पूर्वतयारीत आहे. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली असे समजून आपण पाऊल टाकतो, आणि प्रत्यक्षात आणखी एक पायरी शिल्लक असते, तेव्हा केवढा हादरा बसतो! पायरीची उंची तीच, शरीरही तेच. चुकलेला असतो तो अंदाज. पाय टेकण्यापूर्वीच मेंदू अंदाजाने मांडीचे, पोटरीचे, नितंबाचे स्नायू ताणून ठेवीत असतो, आणि त्या आगाऊ बंदोबस्तावरच सांध्याची सुरक्षितता अवलंबून असते. एकविसाव्या उडीत चेंडू किंचित उंच आला असेल, प्रतिस्पर्धी मुलगी अचानक आडवी आली असेल, पाय थकले असतील. परिणामी बंदोबस्त अपुरा पडला आणि स्नायूंनी पेलायचा भार एकट्या दोरावर आला. उड्या व गिरक्या असलेल्या खेळांत ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात होते. हाडांच्या ठेवणीपासून संप्रेरकांपर्यंत त्याची अनेक कारणे मांडली जातात. परंतु त्यांतील जे कारण शिक्षणाने बदलता येते, ते उतरण्याची सवय हेच होय.

लावणीचे रोप

तुटलेला एसीएल सहसा आपणहून पूर्ववत जुळत नाही. काही रुग्णांचे शस्त्रक्रियेवाचून, केवळ व्यायामाने निभावते. परंतु वेगाने थांबण्या-वळण्याच्या खेळात परतू पाहणाऱ्या पुष्कळ खेळाडू नवा अस्थिबंध बसवून घेणे पसंत करतात. त्यासाठी त्यांच्याच मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीजवळचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून हाडांत बोगदे पाडून त्यांत ओवला जातो.

येथून पुढे काय होते, हे कोकणातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरव्यातून उपटलेले भाताचे रोप चिखलात लावले की लगेच जोमाने वाढत नाही. आधी ते पिवळे पडते, माना टाकते, नवी मुळे धरते, आणि मगच तरारते. नव्या कंडऱ्याचीही हीच गत होते. मूळ जागेहून तोडल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा खंडित होतो, त्यातील पुष्कळ पेशी मरतात, पुढे नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, आणि मग धाग्यांची नव्याने रचना होऊ लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी तो जेवढा मजबूत असतो, त्याहून पुढच्या काही आठवड्यांत तो दुबळा असतो. आणि नेमक्या याच सुमारास वेदना ओसरून मुलीला ‘आता मी बरी झाले’ असे वाटू लागलेले असते. रोपाने पुरते मूळ धरण्यास वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. वेदनेची मुदत आणि ऊतींच्या भरणीची मुदत या दोन वेगळ्या मुदती आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक गुडघ्यांचे दुसऱ्यांदा नुकसान झाले आहे.

हुकूम न मानणारा स्नायू

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत एक विलक्षण अनुभव येतो. मुलगी मनापासून मांडी आवळू पाहते, पण मांडी आवळली जात नाही. स्नायू शाबूत असतो, मज्जातंतू शाबूत असतो. तरी हुकमाची तामिली होत नाही. सांध्यात पाणी साचून सूज आली म्हणजे तेथील संवेदक पाठीच्या कण्याकडे तसे संदेश धाडतात, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारी आज्ञा वाटेतच रोखली जाते. मुलीच्या आळसाचा येथे काही संबंध नसतो, हे पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.

म्हणून पुनर्वसनाची पहिली पायरी साधी, पण निर्णायक असते : सूज उतरविणे, गुडघा पूर्णपणे सरळ होऊ देणे, आणि मांडीचा स्नायू जागा करणे. गुडघा दोन-चार अंशांनीही वाकडा राहिला तरी चाल बिघडते, आणि बिघडलेल्या चालीवर पुढची कोणतीही इमारत नीट उभी राहत नाही. त्यानंतरचे काही महिने ताकदीचे. खुर्चीवरून सावकाश बसणे-उठणे, पायरीवरून एका पायाने उतरणे, वजने उचलणे, मांडीच्या मागील बाजूच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम, असा हा कंटाळवाणा वाटणारा परंतु अटळ पायाभरणीचा काळ असतो. धावण्याची अनुज्ञा साधारणपणे तीन-चार महिन्यांनी, तीही ताकद आणि सूज यांची तपासणी करूनच मिळते.

वीट झेलणारा गडी

आता खरा नेटबॉल सुरू होतो. घराचे बांधकाम चालू असताना खालून फेकलेल्या विटा वरचा गडी कसा झेलतो, हे पाहण्यासारखे असते. तो हात ताठ धरीत नाही. वीट तळव्याला लागताच हात तिच्याबरोबर मागे नेतो आणि तिचा वेग लांबवर जिरवितो. ताठ हाताने झेलणाऱ्याची बोटे पहिल्या दिवशीच सोलवटून निघतील. उतरणाऱ्या मुलीला हेच शिकवावे लागते : चवड्यावर टेकावे, घोटा, गुडघा आणि कंबर तिन्ही एकदम वाकू द्यावीत, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवावा, आणि धड एका बाजूला कलू देऊ नये. हे तपासण्याचे एक साधन अगदी बिनखर्चाचे आहे, ते म्हणजे कान. धप्पकन आवाज झाला तर आघात हाडा-दोरांनी घेतला. आवाज हलका झाला तर तो स्नायूंनी पचविला.

हा पाठ पायरीपायरीने कठीण होत जातो. प्रथम आरशासमोर, दोन्ही पायांवर, वीतभर उंचीवरून; मग एका पायावर; मग धावत येऊन; मग हवेत पाव किंवा अर्धी गिरकी घेऊन. एवढे जमल्यावर हाती चेंडू येतो, आणि चेंडूबरोबर सारे चित्र पालटते. आजवर मुलीचे लक्ष गुडघ्याकडे होते; आता ते चेंडूकडे जाते, आणि गुडघ्याला स्वतःचा कारभार स्वतः पाहावा लागतो. डोक्यावर दोन घागरी घेऊन पाणवठ्यावरून परतणारी बाई वाटेत शेजारणीशी खुशाल बोलत असते, कारण तोल सांभाळण्याचे काम मनाकडून शरीराच्या सवयीकडे केव्हाच सोपविलेले असते. नेटबॉलमधले उतरणे त्या घागरींइतके अंगवळणी पडले पाहिजे. त्यासाठी चेंडू कधी उंच, कधी बाजूला फेकतात, ऐन वेळी ‘डावी’, ‘उजवी’ असा पुकारा करतात, प्रतिस्पर्धी मुलगी समोर उभी करतात, आणि शेवटी पाय थकल्यावर हेच सारे पुन्हा करवून घेतात. कारण सामन्याचे शेवटचे पंधरा मिनिटांचे सत्र ताज्या पायांनी कोणालाच खेळावयास मिळत नाही.

जागेप्रमाणे तालीम

नेटबॉलमधील सातही खेळाडूंना हद्दी नेमून दिलेल्या असतात, आणि हद्द बदलली की गुडघ्याचे कामही बदलते. सेंटर ही दोन्ही गोलवर्तुळे सोडून साऱ्या मैदानभर फिरते. तिला दीर्घ दमसास आणि शेकडो वेळा थांबून दिशा बदलण्याची तयारी लागते. गोल शूटरची हद्द एका टोकाच्या तृतीयांशापुरतीच. परंतु पाठीशी चिकटलेल्या प्रतिस्पर्धिनीला थोपवीत तिला उंच झेल घ्यावे लागतात, आणि मग १० फूट उंचीच्या कड्याकडे, मागे फळीचा आधार नसताना, स्थिर तोलाने नेम धरावा लागतो. गोल किपरला चेंडूधारिणीपासून तीन फुटांचे अंतर राखून पुढे झुकावे लागते, आणि झुकलेल्या स्थितीतूनच एकदम झेपावून मागे वळावे लागते. तिघींना एकच सरधोपट व्यायामाचा तक्ता देणे म्हणजे तबलजी आणि सतारिये यांच्याकडून एकच रियाज करवून घेणे होय.

गुडघ्याप्रमाणे घोट्यालाही स्वतःची वेगळी तालीम लागते. या खेळात सर्वांत अधिक वेळा मुरगळतो तो घोटा, आणि सर्वांत अधिक हेळसांड होते तीही त्याचीच. पाय आतल्या बाजूला वळून बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो. चार दिवसांत सूज उतरते, आणि मुलगी पुन्हा खेळू लागते. परंतु पाय कोणत्या कोनात आहे याची वर्दी देणारी सांध्याची जाणीव मंदावलेली राहते, म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो. डळमळत्या फळीवर तोल साधण्याचा व्यायाम यावरील उपाय म्हणून १९६५ सालापासून वैद्यकास ठाऊक आहे, आणि परतीच्या काळात घोट्याला पट्टा बांधल्यानेही पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो.

मुदत आणि पात्रता

‘किती महिने लागतील?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर आहे, पण ते अर्धेच आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नवव्या महिन्यापर्यंत परतणे जेवढे महिने लांबविले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटत गेले. तेव्हा नऊ महिन्यांची मुदत ही किमान अट. ती भरली की परीक्षा सुरू होते. जायबंदी पायाची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचे अंतर, ही दोन्ही चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के असावीत, असा सर्वमान्य दंडक आहे.

या दंडकातही एक सूक्ष्म फसगत दडलेली आहे. नऊ महिने मैदान सुटल्यामुळे ‘चांगला’ पायही दुबळा झालेला असतो. झिजलेल्या मापाने मोजले तर कमी धान्यही पुरेसे भासते. शिवाय उडीचे अंतर सारखे भरले तरी गुडघ्याने टाळलेले काम कंबरेने आणि घोट्याने चोरून उचललेले असू शकते. म्हणून जाणता फिजिओथेरपिस्ट ‘किती लांब’ याबरोबर ‘कशी’ हेही पाहतो.

आणि शेवटी मन. २०१४ सालच्या एका विस्तृत आढाव्यानुसार, या शस्त्रक्रियेनंतर शंभरांपैकी सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळतात, परंतु स्पर्धात्मक खेळात परतणारे सुमारे ५५ च असतात. उरलेल्यांपैकी अनेकांचे गुडघे धड असतात. धड नसतो तो भरवसा. बिचकत उतरणारी मुलगी पाय ताठ करते, आणि ताठ पाय हाच तर मूळ धोका आहे! भीतीची विचारपूस करणे हा त्यामुळे पुनर्वसनाचा अंगभूत भाग आहे.

---

थोडक्यात

- एसीएल बहुधा कोणाच्या धक्क्याविना, पाय टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत तुटतो; म्हणून बचाव आगाऊ तयारीतच असतो.
- वेदना थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे; नवा अस्थिबंध रुजण्यास वर्ष किंवा अधिक काळ लागतो.
- क्रम असा : सूज उतरविणे, गुडघा सरळ करणे, ताकद, धावणे, उतरणे, चेंडूसह उतरणे, प्रतिस्पर्ध्यासह, थकव्यासह.
- परतीसाठी किमान नऊ महिने, आणि शिवाय ताकद, उडी, उतरण्याची ढब व आत्मविश्वास यांची तपासणी.

---

दुखापतीपूर्वीचे पुनर्वसन

जी विद्या दुखापतीनंतर नऊ महिने खपून शिकवितात, ती आधीच का शिकवू नये? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. अपघातग्रस्तांचा खर्च ज्या सरकारी महामंडळाच्या तिजोरीतून होतो, त्या महामंडळाच्या साहाय्यानेच न्यूझीलंडमध्ये ‘नेटबॉलस्मार्ट’ हा उपक्रम चालतो. ऑस्ट्रेलियातही गुडघ्याच्या रक्षणासाठी असाच कार्यक्रम आखलेला आहे. दोन्हींचा गाभा सरावापूर्वीच्या थोड्या मिनिटांत करावयाच्या उतरण्याच्या, तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामांचा आहे. अशा कार्यक्रमांनी एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असे निरनिराळ्या खेळांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत, दालने लागत नाहीत. लागते ती नियमितता. खो-खोत खुंटाशी वळणारा आणि कबड्डीत झेप घेणारा गुडघाही याच घडणीचा आहे, म्हणून आपल्या शाळांतील क्रीडाशिक्षकांनाही हा पाठ जसाच्या तसा उपयोगी पडेल.

ज्यांच्या घरी अशी एखादी मुलगी आज गुडघ्याला पट्टा बांधून बसलेली असेल, त्यांना एवढीच विनंती आहे : ‘कधी खेळणार?’ असे तिला रोज विचारू नका. ‘आज काय जमले?’ असे विचारा. आणि ज्यांच्या हाती मुलींचा संघ आहे, त्यांनी उद्याच्या सरावाची पहिली पंधरा मिनिटे चेंडू बाजूला ठेवून त्यांना उतरावयास शिकवावे.